सत्तेची हाव माणसात निसर्गातूनच आलेली असते का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले साहेब दर मीटिंगला ‘जंगलात अल्फाच टिकतो’ असं ऐकवतात, आणि दुसऱ्यावर हुकमत गाजवायची ही हाव खरंच उपजत असते का, हे तुम्हाला विचारायचंय. आधी साहेबांच्या ‘अल्फा’चं, म्हणजे लांडग्यांच्या कळपातल्या म्होरक्याचं बघू, ते लवकर उरकतं.

झुंजून वर चढलेला ‘अल्फा’ लांडगा ही कल्पना आली प्राणिअभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या लेखनातून. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात डांबलेले होते. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती जगभर नेली. पुढे याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर, रानातले लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. पोरांनी आईबापाचं ऐकणं म्हणजे अल्फा असेल, तर आमच्या घरात माझी आई अल्फा होती.

म्हणून निसर्गात वरचा-खालचा नसतोच असं मात्र नाही. गावी आमच्या परसात खुराडं होतं. दाणे टाकले की आधी कुणी टिपायचं हे ठरलेलं. एखादी तलंग मध्ये घुसली की टाळक्यात चोच. नवी कोंबडी आणली की आजी ती दिवसा सोडायची नाही, रात्री अंधारात हळूच खुराड्यात सरकवायची. सकाळी मारामारी जरा कमी व्हायची म्हणे. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून याच टोचाटोचीच्या नोंदी ठेवल्या आणि १९२०च्या आसपास त्यावर शोधनिबंध लिहिले. गंमत अशी, की एकदा क्रम लागला की खुराडं शांत होतं. रोज नव्याने भांडायचं ठरवलं तर दाणे कधी टिपणार?

हुप्प्याचं प्रकरण जास्त रक्ताळलेलं. वानरांच्या टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो, आणि टोळीबाहेरचे नर टपून बसलेले असतात. नव्याने जुन्याला हाकललं की कधी कधी तो आयांच्या अंगावरची पिल्लं मारतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी साठच्या दशकात धारवाडकडे हे टिपलं. संशोधक सारा ह्रडी यांनी पुढे राजस्थानातल्या माउंट अबूच्या वानरांवरून त्याचं कारण मांडलं: पिल्लू पीत असेपर्यंत मादी माजावर येत नाही, आणि नव्या हुप्प्याच्या हातात जेमतेम काही वर्षं असतात. क्रूर आहेच. पण याला सत्तेची हाव म्हणायला माझं मन धजत नाही. हुप्प्याला टोळी हवी असते ती स्वतःच्या पोरांसाठी. खुर्चीसाठी खुर्ची ही भानगड मला पुढे दिसते, चिंपांझींमध्ये.

नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींची मोठी वसाहत आहे. संशोधक फ्रान्स डी वाल यांनी सत्तरच्या दशकात तिथे तीन नरांचं राजकारण दिवसच्या दिवस बसून नोंदवलं. येरून हा वयस्क म्होरक्या. लाउटने त्याला खाली खेचलं, निकी नावाच्या तरुणाला हाताशी धरून. मग येरूनने काय करावं? तो त्याच निकीच्या पाठीशी उभा राहिला आणि दोघांनी लाउटला पाडलं. नावाला पहिला नंबर निकीचा, पण तो उभा येरूनच्या खांद्यावर. आणि येरूनही त्याची किंमत वसूल करायचा, माद्यांजवळ जायची मोकळीक मिळवून. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे आणखी उलगडून सांगायला नको. १९८०मध्ये दोघांचं फाटलं आणि लाउट पुन्हा वर आला. एकास एक लढत असती तर कदाचित टिकलाही असता. काही आठवड्यांतच, रात्रीच्या पिंजऱ्यात, दोघं पुन्हा एक झाले. सकाळी लाउट रक्ताच्या थारोळ्यात सापडला. शस्त्रक्रिया करूनही वाचला नाही.

हे वाचलं की मला शनिवारवाडा आठवतो. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, आणि गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना कापलं. ‘ध’चा ‘मा’ कुणी केला यावर आपण अडीचशे वर्षं वाद घालतोय, पण मला त्यानंतरचं जास्त मोलाचं वाटतं. काका रघुनाथराव पेशवे झाले. वस्त्रं मिळाली, लढायांचा अनुभव होता, अटकेच्या मोहिमेची कीर्ती होती. तरी टिकले नाहीत. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभारी एक झाले आणि नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना त्यांनी पुरंदरावर नेलं. एप्रिल १७७४मध्ये मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. ज्याला अजून मान धरता येत नव्हती तो गादीवर, आणि राघोबादादा इंग्रजांच्या दारात. ‘बारभाई कारभार’ हा शब्द आपण गोंधळासाठी वापरतो, तो त्या मंडळींवर अन्यायच म्हणायचा.

म्हणजे वर चढायची ओढ उपजत असेलही, मी नाही म्हणत नाही. पण कुणाला आपल्या डोक्यावर बसू न द्यायची ओढही तेवढीच जुनी आहे, आणि साहेबलोक तिचं नाव मीटिंगमध्ये काढत नाहीत. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या शिकारी कुंग लोकांबरोबर राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांचा एक किस्सा आहे. त्यांनी नाताळात सगळ्यांना मेजवानी म्हणून चांगला धष्टपुष्ट बैल विकत घेतला. तर जो तो येऊन नाक मुरडायचा: हाडं चघळायची का आम्ही, असला कसला बैल आणला! ली बिचारे दिवसचे दिवस खजील. कापल्यावर बघतात तर चरबीचा थर हा एवढा, आणि मंडळी हसून लोळतायत. मागून त्यांना समजलं की तिथे मोठी शिकार आणणाऱ्यालाही असंच हिणवतात. नाहीतर पोराच्या डोक्यात हवा जाते, तो स्वतःला सरदार समजायला लागतो.

मी स्वतः तीन वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. अधिकार काय, तर पार्किंगच्या जागा आणि टँकरची वेळ. तरी दुसऱ्या महिन्यापासून मी जिन्यात उगाच हळू चालायला लागलो. कुणीतरी थांबवून ‘साहेब, जरा बोलायचं होतं’ म्हणायचं आणि मला ते आवडायचं, अगदी खरं सांगतो. बायकोच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. एकदा मी जेवताना दोन नंबरच्या विंगवाल्यांना कसं सरळ केलं ते रंगवून सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं, सेक्रेटरीसाहेब, हात धुतलेत की कचऱ्याची बादली तेवढी खाली ठेवून या.”