बातमीदार आमदार कसा होतो? आधी फॉर्म 20 बघा

तुमचा तालुका बातमीदार मित्र विधानसभेचा विचार करतोय आणि 'इम्तियाज जलील झाले की' म्हणतोय. तोंडओळख किती कामाला येते, असा तुमचा प्रश्न. माझी वीसेक वर्षं डेस्कवर गेली, निकालाच्या रात्री आकडे जोडण्यातच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जलील आधी लोकमत समूहात होते, मग एनडीटीव्हीत. 2014 मध्ये औरंगाबाद मध्यमधून एमआयएमतर्फे उभे राहिले. त्या वर्षी 25 सप्टेंबरला शिवसेना-भाजप युती तुटली आणि त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही. अर्ज भरायला उरले दोन दिवस. 15 ऑक्टोबरला मतदान! म्हणजे प्रचाराला जेमतेम अडीच आठवडे.

आता आकडे. जलील सुमारे 62 हजार, शिवसेनेचे प्रदीप जयस्वाल सुमारे 42 हजार, भाजपचे किशनचंद तनवाणी सुमारे 41 हजार. शेवटच्या दोघांची बेरीज करा, 82-83 हजार होते. 2019 ला युती झाली, जयस्वालच उभे राहिले आणि त्यांना मिळाली साधारण 82 हजार. तेव्हा जलील खासदार झाले होते. एमआयएमने दुसरा उमेदवार दिला, त्याला 68 हजारांच्या आसपास पडली. 2014 पेक्षा जास्त मतं घेऊनही पक्ष हरला. बघा, माणूस बदलला तरी मतं घटली नाहीत. मग 2014 च्या 62 हजारांत पत्रकाराची किती आणि पतंगाची, म्हणजे एमआयएमच्या चिन्हाची किती, हे तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ पत्रकारितेचा उपयोग शून्य, असं नाही. नवख्या पक्षाला मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत बोलणारा, कॅमेऱ्यासमोर न अडखळणारा माणूस मिळाला. पण त्याआधी 2012 ला नांदेड महापालिकेत त्याच पक्षाचे 11 नगरसेवक आले होते. मराठवाड्यात जमीन नांगरलेली होती.

नुसता चेहरा चालत असता तर गुजरातेत इसुदान गढवी पडले नसते. टीव्हीवर घराघरात पोचलेला अँकर, आपचा मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार, तरी 2022 ला खंभाळियात 18 हजारांवर मतांनी हरला.

तेव्हा मित्राला म्हणावं, फेसबुकवरचे लाईक मोजू नकोस. निवडणूक आयोगाच्या साईटवरून मतदारसंघाचा फॉर्म 20 काढ. त्यात बूथनिहाय मतं असतात. मागच्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त होते का, आणि यंदा ते दोघं एकत्र येतायत का, एवढं आधी बघ. मग बूथवर सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत, डबा न मागता बसतील अशा माणसांची यादी कर. आपल्या धंद्यात फोनमध्ये दोन हजार नंबर असतात, त्यातले निम्मे प्रेसनोट पाठवणारे.

आणि जलीलांचंच उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं: 2024 ला औरंगाबाद पूर्वमधून ते 2,161 मतांनी पडले.