साथीच्या काळात भाड्याचं घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साथीमुळे काम बंद आहे, दोन महिन्यांचं भाडं थकलंय. भाडेकरूंना घराबाहेर काढायला सरकारने स्थगिती दिली आहे. मग तोवर भाडं नाही दिलं तर चालेल का?

उत्तर : नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. स्थगितीमुळे घर खाली करून घेण्याची कारवाई थांबते, भाडं माफ होत नाही. अमेरिकेत ४ सप्टेंबर २०२० पासून असा आदेश लागू झाला. थकबाकी तशीच राहिली आणि संरक्षणही आपोआप मिळत नव्हतं. भाडेकरूने ठरावीक प्रतिज्ञापत्रावर सही करून ते मालकाच्या हाती द्यायचं होतं. २६ ऑगस्ट २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते छत्र गेलं. इंग्लंडमध्ये नोटिशीची मुदत आधी ३ महिने, मग बहुतेक प्रकरणांत ६ महिने केली. म्हणजे तिथे नोटीस निघू शकत होतीच, फक्त वेळ मिळत होता.

त्यामुळे आदेशाची प्रत मिळवून तीन गोष्टी शोधा : थांबलंय काय (नोटीस, दावा की प्रत्यक्ष ताबा), कोणत्या तारखेपर्यंत, आणि तुम्हाला काही अर्ज किंवा घोषणापत्र द्यावं लागतं का.

मग मालकांना लेखी कळवा. काम कधी बंद झालं, आत्ता किती देऊ शकता, उरलेलं कधी, एवढंच लिहा. सोबत काम बंद असल्याचा कागद जोडा. थोडे पैसे जमत असतील तर तेवढे पाठवाच, पण शेऱ्यात ‘अमुक महिन्याचं अंशतः भाडं’ असं लिहा. नाहीतर ते कशापोटी जमा झाले यावरून नंतर वाद होतो. अनामत रकमेतून भाडं आपोआप वळतं होईल असं धरून चालू नका. मालकांची लेखी संमती हवी. थकबाकीचे हप्ते ठरवताना सर्वांत वाईट महिन्यातही झेपेल एवढाच हप्ता कबूल करा. दडपणाखाली मोठा आकडा कबूल करून दुसऱ्याच हप्त्याला चुकलात, तर ठरलेली सवलत मोडते आणि बोलणी पुन्हा पहिल्यापासून. ‘स्वखुशीने घर सोडत आहे’ अशा कागदावर मात्र घाईत सही करू नका. स्थगितीचा आधार त्या एका सहीने जाऊ शकतो.

प्रश्न : मालकांनी कुलूप बदलण्याची आणि पाणी तोडण्याची धमकी दिली आहे.

उत्तर : न्यायालयाच्या आदेशाशिवाय असं करणं बहुतेक ठिकाणी बेकायदा असतं. हुज्जत घालू नका. धमकीचा संदेश जपून ठेवा, तोंडी असेल तर तारीख-वेळ टिपून ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांत व मोफत कायदा मदत केंद्रात लेखी तक्रार देऊन पोहोच घ्या.

प्रश्न : घरात दम्याचा रुग्ण आहे आणि भिंतीवर काळी बुरशी. मालक म्हणतात, तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून.

उत्तर : याचा निवाडा भिंतच करेल. ओलसर जागा वरवर कोरडी पुसून वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब फॉइलच्या बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ गार भिंतीवर जमतेय. आतल्या बाजूला, भिंतीकडे, असतील तर ओल भिंतीतूनच येतेय. पोपडे आणि पांढरे क्षार दिसले तरी संशय भिंतीतल्या ओलीवरच घ्यावा. ती दुरुस्ती साधारणपणे मालकांची. फॉइल लावताना आणि काढताना फोटो घ्या, तक्रारीला जोडा. नुसता रंग मारून दिला तर स्वीकारू नका. आतली ओल थांबली नाही तर तो रंग पुन्हा सुटतो.

हवेचाही हिशेब मांडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घरांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा सुचवली, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. तीन मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या खोलीत २७ घनमीटर हवा मावते. तिथे चौघं राहत असतील तर तासाला पाचाहून जास्त वेळा हवा बदलायला हवी. एकाच बाजूच्या अर्धवट खिडकीने ते साधणं कठीण. समोरासमोर उघडी जागा किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. पंखा आहे पण ओढतोय का, हे जाळीला पातळ कागद लावून कळतं : चिकटून राहिला तर ओढतोय, खाली पडला तर बंदच समजा.

दुरुस्ती होत नाही म्हणून परस्पर भाडं रोखू नका. त्याने तुमची न्याय्य तक्रार बाजूला पडते आणि मालकांच्या हाती घर खाली करून घ्यायचं कारण जातं.