राजकन्या आहे, नोकरी आहे, फक्त गादी नाही

आयकोच्या लाओस दौऱ्याचे फोटो आले तेव्हापासून तिच्याबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय.

जपानची राजकन्या आयको खरंच ऑफिसला जाते का, की फोटोपुरतं? (विद्यार्थिनी, नाशिक)

खरंच जाते. मार्च २०२४ मध्ये टोकियोच्या गाकुशुइन युनिव्हर्सिटीतून ग्रॅज्युएट झाली आणि १ एप्रिलला जपानी रेडक्रॉसमध्ये लागली, कारण तिकडे बहुतेक फ्रेशर्सची नोकरी एप्रिलमध्येच सुरू होते. तिचं काम विद्यार्थी आणि व्हॉलंटियर्सच्या विभागात आहे. राजघराण्याचे कार्यक्रमही सांभाळायचे असल्यामुळे पोस्ट काँट्रॅक्टवरची आहे. आणि हो, 'नोकरी करणारी पहिली राजकन्या' असं जे फॉरवर्ड फिरतंय ते विसरा, तिची आत्या सायाको लग्नाआधी पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत कामाला जायचीच की.

बाकी राजकन्येची ड्युटी आहेच. २ जानेवारीला राजवाड्याच्या गॅलरीत काचेआड उभं राहून लोकांना हात करायचा, पाहुण्यांच्या मेजवान्या, भूकंपग्रस्तांच्या भेटी. ऑक्टोबर २०२४ ला सागा इथल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेला एकटी गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लाओसला, दोन देशांच्या संबंधांना ७० वर्षं झाली म्हणून. एकटीने केलेला तिचा हा पहिलाच अधिकृत परदेश दौरा. तिथे न फुटलेल्या बॉम्बमुळे हातपाय गमावलेल्यांसाठी काम करणाऱ्या केंद्रात जाऊन आली. फोटो मात्र लाओशियन ड्रेसमधलेच जास्त फिरले, चालायचंच.

सम्राटांना एकच मुलगी आहे ना, मग गादी भावाकडे का? (गृहिणी, कोल्हापूर)

ताई, कारण १९४७ चा राजघराण्याचा कायदा. गादी फक्त पुरुषाला, तीही बापाकडून बापाकडून राजघराण्यापर्यंत पोचणाऱ्या पुरुषाला. आयको १ डिसेंबर २००१ ला जन्मली, सम्राट नारुहितो आणि सम्राज्ञी मासाको यांची एकुलती एक, पण रांगेत तिचा नंबरच नाही, शेवटचासुद्धा नाही. रांगेत पहिला सम्राटांचा धाकटा भाऊ आकिशिनो, मग त्याचा मुलगा हिसाहितो आणि मग सम्राटांचे काका हिताची, ज्यांचा जन्म १९३५ चा. संपली रांग.

आता 'आमची परंपराच तशी' हे अर्धंच खरं आहे, कारण जपानमध्ये आठ बायका गादीवर बसून गेल्यात, त्यातल्या दोघी दोन-दोनदा, आणि शेवटची गो-साकुरामाची १७६२ ते १७७१ अशी. बायकांना कायद्यानेच बंदी आली ती १८८९ मध्ये, मेइजी काळात, आणि युद्धानंतरच्या नव्या कायद्यातही तशीच राहिली. विरोधकांचं म्हणणं असं की त्या आठही जणी बापाच्या बाजूने राजघराण्यातल्या होत्या, आणि आयको बसली तर ठीक पण तिची मुलं तिच्या नवऱ्याच्या वंशाची, मग काय? खरी भीती ती आहे.

हे बदलायच्या बेतातही होतं बरं का. २००५ मध्ये पंतप्रधान कोइझुमींच्या काळात तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं होतं की मुलगा-मुलगी न बघता पहिल्या अपत्याला गादी द्या. पण २००६ च्या फेब्रुवारीत आकिशिनोच्या बायकोला दिवस गेल्याची बातमी आली, ६ सप्टेंबरला हिसाहितो झाला, चाळीसेक वर्षांनी घराण्यात मुलगा, आणि फाईल बंद! त्याआधी मासाकोवर मुलासाठी किती दबाव होता हे सगळ्या जगाने बघितलंय, हार्वर्डला शिकलेली डिप्लोमॅट बाई, पण २००४ मध्ये स्ट्रेसच्या आजारपणाचं जाहीर करावं लागलं.

लोकांचं विचाराल तर क्योदो वृत्तसंस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ९० टक्के लोक बाईने गादीवर बसायला चालेल म्हणाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीनेही कायदा बदला म्हटलं तर सरकार उलट चिडलं, आमच्या गादीत तुम्ही बोलू नका म्हणून. माझं मत विचाराल तर सगळा भार एका हिसाहितोवर टाकणं हे त्या पोरावरही अन्यायच आहे, उद्या त्याच्या बायकोचंही मासाकोसारखंच होणार.

लग्न केलं तर ती घराण्याबाहेर जाते म्हणे? (वाचक, पुणे)

सामान्य माणसाशी केलं तर हो. आणि राजघराण्यात आता तिच्याजोगता मुलगाच उरलेला नाही, म्हणजे कोणाशीही केलं तरी बाहेरच. मुलांना हा नियम नाही, त्यांच्या बायका उलट आत येतात, मासाको तशीच आली. सायाको २००५ मध्ये बाहेर पडली. चुलत बहीण माको २०२१ मध्ये बाहेर पडून न्यूयॉर्कला गेली, नवऱ्यावरून इतका गदारोळ झाला की तिने सरकारकडून मिळणारे साधारण १५ कोटी येनसुद्धा नाकारले. २०२१ च्या शेवटी आणखी एका समितीने दोन उपाय सुचवले, राजकन्यांना लग्नानंतरही घराण्यात राहू द्या, नाहीतर १९४७ मध्ये बाहेर काढलेल्या ११ शाखांमधले पुरुष दत्तक घ्या. पहिल्यावर नवऱ्याचं नि मुलांचं काय करायचं इथे गाडी अडते. दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सामान्य नागरिक म्हणून राहिलेला माणूस आणून राजपुत्र करायचा आणि सम्राटाच्या मुलीला 'तू नाही' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

ती स्वतः काय म्हणते? (वाचक, बेळगाव)

गादीबद्दल काहीच नाही, वारसा हा संसदेचा विषय, त्यावर तिने बोलायचं नसतं. २०२२ च्या पहिल्या पत्रकार परिषदेत जोडीदाराबद्दल विचारलं तर एकमेकांना हसू येईल असं नातं असावं एवढंच म्हणाली. तेव्हा ती नुकतीच विशीची झाली होती. सज्ञान झाल्याच्या समारंभाला तिने नवा मुकुट घडवला नाही, कोरोनात लोक अडचणीत असताना नको म्हणून आत्याचा वापरला, म्हणजे लग्नामुळे घराण्याबाहेर गेलेल्या सायाकोचा. हीच सायाको २०१७ पासून इसे देवस्थानाची मुख्य पुजारीण आहे. आणि आयकोने युनिव्हर्सिटीत प्रबंध लिहिला तो शोकुशी या बाराव्या शतकातल्या राजकन्येवर, तीही कामो देवस्थानात सेवेला पाठवलेली सम्राटाची मुलगी आणि मोठी कवयित्री. विषय सहज सापडला असेल असं मला तरी वाटत नाही.