गेमपॅडवर असेटो कोर्सा नीट चालवता येतं का, की व्हील घ्यावंच लागतं?

तुम्ही लिहिलंय की एक्सबॉक्सचा कंट्रोलर घेतला, असेटो कोर्सा हा कार रेसिंगचा गेम टाकला, पण गाडी सरळ रस्त्यावरही नागमोडी जाते आणि वळणावर गर्रकन फिरते. सेटिंग्ज काय ठेवू, की पैसे साठवून गेमला जोडायचं स्टिअरिंग व्हीलच घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे. हा प्रश्न कुठेही विचारा, पहिलं उत्तर ‘व्हील घ्या’ हेच येतं. माझं उत्तर उलट आहे. आत्ता व्हील घेऊ नका.

गाडी नागमोडी जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कंट्रोल्सच्या पानावर इनपुटचा प्रकार निवडायचा असतो, तिथे ‘व्हील’ राहून गेलेलं असतं. मग स्टिक जितकी हलेल तितकं स्टिअरिंग थेट फिरतं. ९०० अंशांचं व्हील एका बाजूला सव्वा फेरी फिरतं. तुमच्या अंगठ्याकडे त्याच कामाला जेमतेम सेंटीमीटरभर जागा आहे. अंगठा जरा थरथरला तरी गाडी लेन बदलणारच. तिथे एक्सबॉक्स ३६० पॅड निवडा. गॅमा, फिल्टर, स्पीड सेन्सिटिव्हिटी (हे काय ते पुढे सांगतो) हे सगळं पॅडवाल्या मोडमध्येच कामाला येतं. शिवाय ‘व्हील’ ठेवलं की विंडोजची जुनी डायरेक्टइनपुट पद्धत वापरली जाते, आणि तीत या कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर (तर्जनीने दाबायची मागची बटणं) एकाच अक्षावर धरले जातात, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले की एकमेकांना खोडून काढतात. वळणात शिरताना ब्रेक सोडत सोडत गॅस द्यायचा असतो, त्याचं पार वाटोळं होतं.

आता मी हे इतकं पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या आतेभावाने मित्रमंडळींची रविवारची रेस सुरू केली. दादाकडे व्हील, पेडल्स, टेबलाला पक्का केलेला गिअर शिफ्टर, सगळा थाट. मी कोथरूडला भाड्याच्या खोलीत. एकच टेबल, त्यावरच ऑफिसचं काम, त्यावरच जेवण, त्यावरच इस्त्री. व्हील लावायचं म्हटलं तर ते रोज काढून कुठे ठेवणार? मी पॅडवर चालवत होतो आणि चांगलं चालवत होतो. दादाने ग्रुपवर नियम टाकला: पॅडवाल्यांना प्रवेश नाही, ते डगमगतात आणि दुसऱ्याला ठोकतात. मी फोन केला तर म्हणाला, “अरे, ते खेळणं आहे. सिम म्हणजे सिम.” (सिम म्हणजे खऱ्या गाडीसारखं वागणारा सिम्युलेटर.) सख्ख्यासारखा वाढलेला भाऊ असं बोलला, ते मला अजून लागतं. ग्रुपमधल्या एकाने मध्यस्थी केली. आधी सरावाला येऊ दे, कोणाला धक्का लागला नाही तर रेसमध्ये घ्या.

गाडी होती लोटस ४९, म्हणजे साठच्या दशकातली फॉर्म्युला वन गाडी, ट्रॅक इटलीतलं जुन्या आखणीचं मोंझा. दादा त्या काळचा रेसर जिम क्लार्क याचा भक्त. १९६७ च्या मोंझाला क्लार्क याच गाडीत पंक्चरमुळे अख्खा लॅप मागे पडला होता, तो भरून काढून पुन्हा पहिला झाला, आणि शेवटच्या लॅपला इंजिनाला पेट्रोल पोचेना म्हणून तिसरा आला. मोंझाच्या शिकेन, म्हणजे वेग कमी करायला घातलेली नागमोडी वळणं, १९७२ मध्ये आल्या, त्याआधी तिथे वेग मोडणारं फारसं काही नव्हतं. तीन लिटरचं कॉसवर्थ इंजिन, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, वजन पाचशे किलोच्या घरात, पंख नाहीत, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. पॅडवर याहून अवघड परीक्षा कोणी काढू शकला नसता, आणि ती मुद्दाम माझ्यासाठी काढली होती असं मला आजही वाटतं.

तयारी कशी केली ते सांगतो, त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आधी डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याभोवतीचा असा भाग जिथली हालचाल गेम मोजत नाही. अंगठा पूर्ण उचलल्यावर गाडी सरळ जाईल इतकाच, त्याहून कणभर जास्त नको. मग स्टिअरिंग स्पीड, म्हणजे तुम्ही स्टिक ढकलल्यावर गाडीतलं चाक किती वेगाने तिथवर पोचतं ते. हे फार वाढवलं तर गाडी झटके खाते, फार कमी केलं तर मागचं चाक निसटल्यावर उलटं स्टिअरिंग वेळेत पोचत नाही आणि तुम्ही गवतात. मग फिल्टर, तो थरथर गाळतो, पण वाढवला की गाडी तुमचं उशिरा ऐकते. गॅमा म्हणजे स्टिकच्या हालचालीचं स्टिअरिंगमध्ये किती रूपांतर होतं ते, तो दोनच्या पुढे ठेवा. दोनला अर्धी स्टिक म्हणजे पाव स्टिअरिंग, तीनला तीच अर्धी स्टिक म्हणजे आठवा हिस्सा. मधल्या भागात बारीक काम करायला जागा मिळते ती इथून. शेवटी स्पीड सेन्सिटिव्हिटी, वेग वाढेल तसं स्टिअरिंग आवरतं घेणारी. एका वेळी एकच गोष्ट बदला, गाडी आणि ट्रॅक तोच ठेवा. दुसऱ्या कोणाचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, माझेही मागू नका. तुमच्या स्टिकची स्प्रिंग वेगळी, अंगठा वेगळा.

आणि अंगठा स्टिकच्या डोक्यावर ठेवू नका. पेर तिच्या कडेला टेकवा आणि बाजूने रेटा. मोंझाच्या पॅराबोलिका या शेवटच्या वळणावर हे कळतं. (२०२१ पासून त्या वळणाला आल्बोरेतोचं नाव आहे, पण बोलताना सगळे पॅराबोलिकाच म्हणतात.) भरधाव येऊन डावा ट्रिगर जवळजवळ तळापर्यंत, टायर किंचाळायला लागले की एक केस मागे, आणि गाडी आत वळेल तसं बोट हळूहळू सोडत जायचं. मग ते लांबच लांब उजवं वळण, बाहेर पडताना उघडत जाणारं. तिथे अंगठा एकाच जागी धरून ठेवायचा आणि उजव्या तर्जनीने गॅस वाढवत न्यायचा. स्टिक कडेला टेकली की संपलं. अंगठ्याने गाडी वळवायची नसते, तर्जनीने वळवायची असते. गॅस जरासा सोडला की नाक आत येतं, दिला की बाहेर जातं. हे ज्याला जमलं त्याला पॅडवर काहीच अडत नाही.

सरावात मी कोणाला शिवलोसुद्धा नाही. रेसमध्ये मला ग्रिडवर सगळ्यात मागे उभं केलं, ते मी मान्य केलं. मोंझाच्या सरळ पट्ट्यांवर पुढच्याच्या मागे लपून हवेचा फायदा घ्यायचा आणि लेस्मो नावाच्या दोन उजव्या वळणांना घाई करायची नाही, एवढंच ठरवलं होतं. चौथा आलो. दादा लेस्मोच्या दुसऱ्या वळणाला गॅस लवकर देऊन फिरला आणि माझ्या मागे राहिला. व्हॉइस चॅटवर त्याचं पहिलं वाक्य काय? “तुझी गाडी कॉम्प्युटर चालवतो.”

हा वाद आमच्यात अजून आहे, म्हणून नीट मांडतो. फिल्टर आणि स्पीड सेन्सिटिव्हिटी माझ्या स्टिअरिंगला हात लावतात, हे खरं. पण ब्रेक कोण दाबतं? गॅस कोण मोजतं? लोटस ४९ स्टिअरिंगमुळे फिरत नाही, उजव्या पायाच्या उतावळेपणाने फिरते, आणि तिथे मला कोणी वाचवत नव्हतं. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी फिरू न देणारी गेमची मदत, मी शून्यावरच ठेवतो, तुम्हीही ठेवा. ते चालू ठेवलं तर दादाचं म्हणणं खरं होईल. उलट पुढच्या टायरची पकड सुटली की दादाच्या तळहातांना व्हील लगेच सांगतं, हातातलं वजन हलकं होतं. मला ते टायरच्या आवाजावरून आणि पॅडच्या थरथरीवरून ओळखावं लागतं. मग मदत जास्त कोणाला मिळते? रेसचा रीप्ले मी कॉकपिट कॅमेऱ्यातून पाहिला. लेस्मोला दादाच्या ड्रायव्हरचे हात करवत चालवल्यासारखे मागेपुढे होत होते, माझ्या ड्रायव्हरचे हात एकदा वळले आणि थांबले. पुढच्या दिवाळीला चिंचवडला त्याच्याच खोलीत, त्याच्यासमोर, फिल्टर शून्यावर आणून चालवून दाखवलं. वेळ थोडी खराब आली, गाडी रस्त्यावर राहिली. दादाचं उत्तर: “तरी ते व्हील नाही.” नाहीच आहे. मी कधी म्हटलं होतं की आहे?

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. तुम्ही कस्टम शेडर्स पॅच (या गेमवर चढवायचा एक मॉड) टाकला असेल तर त्यात गेमपॅडचा वेगळा विभाग आहे. तो चालू असेल तर वरच्या गोष्टींचा परिणाम वेगळा दिसेल, म्हणून आधी तो बंद करून सुरुवात करा. स्टीमचं (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) स्वतःचं कंट्रोलर सेटिंग एक्सबॉक्सच्या पॅडला या गेमसाठी लागत नाही, बंद ठेवा. प्लेस्टेशनचा पॅड असेल तर मात्र त्याचा आधार घेता येतो. निन्टेंडो स्विचचा प्रो कंट्रोलर या कामाला घेऊ नका, त्याचे ट्रिगर नुसती बटणं आहेत, अर्धा ब्रेक दाबताच येत नाही. स्टिक आपोआप एका बाजूला सरकायला लागली तर डेडझोन वाढवत बसू नका, पॅड बदला, आणि नवीन घेताना हॉल सेन्सरवाली (चुंबकाने हालचाल मोजणारी) स्टिक बघा. ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळवणं, करायचं असेल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा, तिथे व्हीलला पर्याय नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. घरात व्हील कायम लावून ठेवायला जागा आहे का, ते आधी बघा. जागा नसेल तर ते महिनाभरात पलंगाखाली जातं. आमच्या ग्रुपमधल्या दोघांची तिथेच आहेत. जागा असेल आणि पॅडवर लोटस ४९ घेऊन जुन्या मोंझाचे सलग दहा लॅप न फिरता मारता आले, तर खुशाल घ्या. तोवर त्याच पैशांत चांगला हेडफोन घ्या, कारण टायरचा आवाज ऐकू आला नाही तर पॅडवर तुम्ही आंधळेच आहात.