पहिलं इन्कम टॅक्स रिटर्न भरताय? आधी एआयएस उघडा

कंपनीकडून फॉर्म १६ (तुझा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचं प्रमाणपत्र) साधारण जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो. तो आला की लगेच रिटर्न भरायला बसू नकोस. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून २६एएस (तुझ्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (वर्षभरातल्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं विवरण) डाउनलोड कर. बचत खात्याचं व्याज, आईबाबांनी तुझ्या नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याज, सगळं तिथे दिसतं. फॉर्म १६ मध्ये ते बहुधा नसतं, पण दाखवावं तुलाच लागतं.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर जास्त जप. जुन्या पगाराची माहिती नव्या कंपनीला दिली नसेल, तर दोन्ही कंपन्यांनी स्टँडर्ड डिडक्शन (पगारावरची ठरावीक वजावट) आणि करमुक्त मर्यादा धरून टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कमी कापलेला असतो. दोन्ही फॉर्म १६ एकत्र केले की फरक निघतो, तो व्याजासकट भरावा लागतो. म्हणून हा हिशोब मार्चपूर्वीच करून ठेवलेला बरा.

रिफंड (जास्त कापलेला कर परत) हवा असेल तर बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट कर, म्हणजे ते तुझंच असल्याची पडताळणी करून घे. आणि सबमिट केलं म्हणजे संपलं असं अजिबात समजू नकोस: ३० दिवसांत आधार ओटीपी वगैरेने ई-व्हेरिफाय (रिटर्न तूच भरल्याची ऑनलाइन खात्री) केलं नाहीस, तर वेळेत भरलेलं रिटर्नही वेळेत धरलं जात नाही. मुदत साधारणपणे ३१ जुलैची, पण शेवटच्या आठवड्यात पोर्टल रखडतं. जुलैच्या सुरुवातीलाच उरकून टाक.