धुऱ्यावरची बाभूळ आणि मोंद्रियान यांचे ‘करडे झाड’

प्रश्न : डच चित्रकार पीट मोंद्रियान यांचे ‘करडे झाड’ हे चित्र एका जुन्या दिनदर्शिकेत सापडले, ते मी सहावीच्या वर्गाला दाखवले. ‘पऱ्हाट्या पेटवल्यावर आमच्या धुऱ्यावरची बाभूळ अशीच दिसते,’ असे एक मुलगी म्हणाली. चित्राखाली मात्र ‘अमूर्त चित्रकलेची सुरुवात’ असे छापलेले आहे. झाड स्पष्ट ओळखू येत असताना हे चित्र अमूर्त कसे? मुलीचे काही चुकले का?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : मुलीचे मुळीच चुकलेले नाही. १९११ सालचे हे चित्र पूर्णपणे अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकारच न ठेवणारे, नाही; ते उंबरठ्यावरचे चित्र आहे आणि म्हणूनच मला ते मोंद्रियान यांच्या नंतरच्या सरळ रेषांच्या प्रसिद्ध चित्रांहून अधिक जवळचे वाटते.

झाडाऐवजी फांद्यांमधल्या मोकळ्या जागा पाहाव्यात. याच चित्रकाराने १९०८ ते १९१० या काळात रंगवलेल्या लाल झाडात फांद्या पुढे आणि निळे आकाश मागे, हे लगेच कळते. करड्या झाडात मात्र मोकळ्या जागांतही रंग फांद्यांइतकाच जाड बसवलेला आहे आणि कुंचल्याचे फटकारे फांद्यांच्या वळणाबरोबर वळत जातात, त्यामुळे पुढचे कोणते आणि मागचे कोणते हा भेदच विरघळू लागतो. (दिनदर्शिकेच्या छपाईत हे फटकारे पुसट होतात. मूळ तैलचित्र सुमारे ८० बाय १०९ सेंटिमीटरचे असून नेदरलँड्समधील हेग येथील संग्रहालयात आहे.) १९११ सालीच अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पिकासो आणि ब्राक या चित्रकारांची घनवादी (वस्तूंचे भौमितिक तुकडे करून मांडणारी) चित्रे मोंद्रियान यांनी पाहिली होती, आणि लाल-निळा सोडून ते काळ्या-करड्या छटांकडे वळले, त्यामागे त्या चित्रांचा प्रभाव होता. १९१२ च्या ‘बहरलेले सफरचंदाचे झाड’ या चित्रात उरतात त्या केवळ एकमेकींना छेदणाऱ्या कमानी. पुढच्या वर्षीच्या काही चित्रांत तर झाड शोधूनही सापडत नाही. इतकी वर्षे झाडच रंगवत राहिल्यामुळे ते इथवर पोहोचले, असे मला ठामपणे वाटते. ‘अमूर्त म्हणजे मनाला येईल ते’ हा समज मुलांच्या मनात रुजण्याआधीच हा क्रम त्यांना दाखवावा.

त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. फाल्गुनात मोहाची पाने झडलेली असताना सायंकाळी मुलांना त्याच्याखाली न्यावे आणि फांद्या न काढता, फांद्यांच्या मधून दिसणारे आभाळाचे तुकडेच तेवढे कागदावर काढायला सांगावेत. सुरुवातीला मुले अडखळतील, कारण आभाळालाही आकार असतो याची डोळ्यांना सवय नसते. घाई करू नये. त्या मुलीला मात्र मोहाखाली न बसवता तिच्या धुऱ्यावरची बाभूळच काढू द्यावी.