पोलंडचं आघाडी सरकार: कोणाकडे कोणतं खातं, आणि का

२०२३ च्या निवडणुकीत सर्वांत जास्त जागा ‘कायदा आणि न्याय’ पक्षाला मिळाल्या. मग पंतप्रधान डोनाल्ड टुस्क कसे झाले?

सर्वांत मोठा पक्ष असणं वेगळं आणि बहुमत असणं वेगळं, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पोलंडच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे सेइममध्ये ४६० जागा आहेत. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मतदानात ‘कायदा आणि न्याय’ला १९४ जागा मिळाल्या. टुस्क यांच्या नागरी आघाडीला १५७, ‘तिसरा मार्ग’ या जोडीला ६५ आणि डाव्यांना २६. या तिघांची बेरीज होते २४८. मतदान ७४ टक्क्यांच्या वर गेलं होतं, १९८९ नंतरचं सर्वाधिक.

तरीही राष्ट्राध्यक्ष आंजेय दुदा यांनी पहिली संधी आधीचे पंतप्रधान, ‘कायदा आणि न्याय’चे मातेउश मोराव्येत्स्की यांना दिली. तो त्यांचा घटनादत्त अधिकार होता. मोराव्येत्स्कींचं मंत्रिमंडळ दोन आठवडे टिकलं. ११ डिसेंबरला विश्वासदर्शक ठराव १९० विरुद्ध २६६ मतांनी पडला आणि घटनेनुसार निवड सेइमच्या हाती आली. त्याच संध्याकाळी सेइमने टुस्क यांना निवडलं. १३ डिसेंबरला शपथविधी झाला.

या सरकारात नेमके किती पक्ष आहेत? दर बातमीत आकडा वेगळा दिसतो.

गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. तीन नावांखाली बरेच पक्ष आहेत. नागरी आघाडीत टुस्क यांचा पक्ष आणि काही छोटे पक्ष होते. त्यांतल्या बहुतेकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एकत्र येऊन एकच पक्ष केला. ‘तिसरा मार्ग’ म्हणजे शेतकऱ्यांचा जुना पक्ष पीएसएल आणि शिमोन होवोव्न्या यांचा नवा ‘पोलंड २०५०’. सेइममध्ये यायला एकट्या पक्षाला ५ टक्के मतं लागतात, आघाडीला ८ टक्के. या जोडीने १४ टक्क्यांहून जास्त मतं मिळवली, पण २०२५ च्या जूनमध्ये दोघे वेगळे झाले. सरकारात मात्र दोघेही राहिले. डाव्यांपैकी ‘राझेम’ने सुरुवातीला मतं दिली, मंत्रिपदं घेतली नाहीत.

खात्यांची वाटणी कशी झाली? संरक्षण खातं पंतप्रधानांच्या पक्षाकडे का नाही?

छोट्या भागीदाराला मानाचं खातं दिल्याशिवाय आघाडी बसत नाही, म्हणून. पीएसएलचे अध्यक्ष व्वादिस्वाव कोसिन्याक-कामिश उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री झाले. शेजारी युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना हे खातं किती मोठं, हे सांगायला नकोच. शेती आणि पायाभूत सुविधाही पीएसएलकडे गेल्या. डाव्यांच्या क्शिश्तोफ गाव्कोव्स्की यांना उपपंतप्रधानपद आणि डिजिटल व्यवहार मिळाले, तर आग्न्येश्का जेम्यानोविच-बोंक यांना कुटुंब व कामगार खातं. ‘पोलंड २०५०’ला हवामान आणि विकासनिधी. परराष्ट्र, अर्थ, न्याय, गृह आणि शिक्षण टुस्क यांनी स्वतःच्या गोटात ठेवलं: रादोस्वाव शिकोर्स्की, आंजेय दोमान्स्की, आदाम बोद्नार, मार्चिन किएर्विन्स्की आणि बार्बारा नोवात्स्का.

पण मंत्र्यांची यादी वाचून थांबलात, तर अर्धंच सरकार दिसेल. खरी वाटणी उपमंत्र्यांच्या नावांत आहे. संरक्षण खात्यातलीच सुरुवातीची रचना पाहा: मंत्री पीएसएलचे, त्यांच्या हाताखाली उपमंत्री त्सेझारी तोम्चिक टुस्क यांच्या पक्षाचे आणि पावेव झालेव्स्की ‘पोलंड २०५०’चे. एकाच इमारतीत तीन पक्ष. इतर खात्यांतही असंच मिश्रण आढळतं. त्यामुळे भागीदारांना एकमेकांवर लक्ष ठेवता येतं आणि महत्त्वाची फाईल दडवून ठेवणं अवघड होतं. काम मंदावतं, हेही खरं. माझ्या मते एवढी किंमत रास्त आहे.

सेइमच्या सभापतिपदाचीही वाटणी झाली. निम्मी मुदत होवोव्न्या, उरलेली डाव्यांचे व्वोजिमिएश चाझास्ती. असे शब्द पाळले जात नाहीत, असं अनेकांना वाटत होतं. पण १८ नोव्हेंबर २०२५ ला चाझास्ती खरोखर सभापती झाले.

मंत्री खासदार असायलाच हवा का?

नाही. आपल्याकडची सहा महिन्यांची अटही तिथे नाही. जुलै २०२५ मध्ये न्यायमंत्री झालेले वाल्देमार झुरेक न्यायाधीश होते. त्याच फेरबदलात मंत्र्यांची संख्या २६ वरून २१ वर आली आणि शिकोर्स्की उपपंतप्रधानही झाले. त्याआधी २०२४ च्या मे महिन्यात किएर्विन्स्कींसह काही मंत्री युरोपियन संसदेची निवडणूक लढवायला बाहेर पडले होते.

बहुमत असूनही गर्भपाताचा कायदा का बदलला नाही?

कारण हे बहुमत सत्तेवर येण्यासाठी जमलं होतं, या प्रश्नावर ते कधीच एकमताचं नव्हतं. २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाच्या निकालाने आधीच कडक असलेला कायदा आणखी आवळला. हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी २०२३ मध्ये सत्ताबदलासाठी मत दिलं. सत्तेवर आल्यावर गर्भपातासाठी मदत करणाऱ्याची शिक्षा काढून टाकणारं विधेयक १२ जुलै २०२४ ला मताला आलं आणि २१५ विरुद्ध २१८ मतांनी पडलं. तीन मतांचा फरक! पीएसएलच्या बहुतेक सदस्यांनी विरोधात मत दिलं. टुस्क यांच्या स्वतःच्या गटातलेही काही जण मतदानात नव्हते. त्यांतल्या काहींवर कारवाई झाली. ही या सरकारची सर्वांत मोठी निराशा, असं मी स्पष्ट म्हणेन. पीएसएलचा मतदार ग्रामीण, चर्चला मानणारा आहे, हे आघाडी करतानाच सगळ्यांना ठाऊक होतं. शहरातल्या तरुण स्त्रियांना हे कुणी प्रचारात सांगितलं नाही.

मोदी वॉर्सात टुस्क यांना भेटले आणि दुदांनाही. मग सत्ता कोणाच्या हातात? (कोल्हापूर)

ऑगस्ट २०२४ च्या त्या दौऱ्यात कोल्हापूर स्मारकालाही अभिवादन झालं. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला, त्याची ती आठवण.

रोजचा कारभार पंतप्रधान चालवतात. मात्र राष्ट्राध्यक्षही थेट जनतेतून निवडून येतात आणि विधेयक नाकारू शकतात. तो नकार उलटवायला तीन पंचमांश मतं लागतात. सगळे ४६० हजर असतील तर २७६. टुस्क यांच्याकडे एवढी मतं कधीच नव्हती.

नाव्रोत्स्की राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सरकार पडणार, अशी चर्चा होती. का पडलं नाही?

१ जून २०२५ ला विरोधकांच्या पाठिंब्यावर उभे असलेले कारोल नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मतं मिळवून जिंकले. दहाच दिवसांत टुस्क यांनी स्वतःहून विश्वासमत मागितलं आणि २४३ विरुद्ध २१० मतांनी मिळवलं. शिवाय पोलंडच्या घटनेत नुसता अविश्वास ठराव चालत नाही. पंतप्रधानाला हटवायचं तर त्याच ठरावात नव्या पंतप्रधानाचं नाव द्यावं लागतं आणि त्यामागे २३१ मतं उभी करावी लागतात. नाराज भागीदाराला त्यासाठी ‘कायदा आणि न्याय’बरोबर जावं लागेल, आणि ती तयारी तेव्हा ना पीएसएलने दाखवली, ना डाव्यांनी.